बंदुकीच्या नळीचा पोचा

श्रोतेहो, आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. वसंत ऋतूतल्या संध्याकाळी, उन्हाने भाजून निघाल्यावर, साहित्याचे किंवा इतिहासाचे चार शब्द ऐकावेत, तर हे गृहस्थ बंदुकीच्या नळीला पडलेल्या पोच्याची कथा सांगणार! पण माझी विनंती एवढीच की, दहा मिनिटे दम धरावा. बंदूक तुमच्यापैकी फार थोड्यांनी हातात धरली असेल. पोचा मात्र प्रत्येकाने पाहिलेला आहे.

आमच्या लहानपणी घरात पाण्याचा तांब्याचा हंडा असे. तो कधी हातून निसटला, पायरीवर आपटला, की त्याच्या पोटाला खळगा पडे. मग आई म्हणे, "याचा पोचा काढून आणा रे." आम्ही तो हंडा तांबटाकडे नेत असू. तांबट हंडा एका लोखंडी आधारावर आतून टेकवी, बाहेरून हलके ठोके घाली आणि पाहता पाहता खळगा नाहीसा होई. त्यात भर काही घालावी लागत नसे, कारण हंड्याचे काहीच गेलेले नसे. तांबे होते तेवढेच होते. फक्त ते जागेवरून हलले होते. पोचा काढणे म्हणजे हललेल्या धातूला परत आपल्या जागी पाठविणे. माझे आजचे सगळे व्याख्यान या एका वाक्याभोवती फिरणार आहे. हंड्याच्या बाबतीत हे वाक्य विसरले तर फार तर पाणी गळेल. बंदुकीच्या बाबतीत विसरले तर काय होते ते माझ्या मामांच्या बंदुकीमुळे मला कळले. ती हकीकत शेवटी सांगतो. अगोदर बंदूक म्हणजे कोणती बंदूक, तेवढे सांगितले पाहिजे.

मी बोलतो आहे ती छऱ्यांची दुनळी बंदूक, तीही इंग्रजी बनावटीची आणि जुनी. साधारणपणे १८७० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळात इंग्लंडात या बंदुकांचे जे रूप ठरले ते आजही फारसे बदललेले नाही. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, मधे वरखाली एकेक पट्टी, मागे बिजागरीसारखी उघडणारी कळ आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. लंडनमध्ये पर्डी (१८१४) आणि हॉलंड अँड हॉलंड (१८३५) ही घराणी सरदार-दरकदारांसाठी बंदुका करीत. पण संख्येने पाहिले तर इंग्लंडच्या बंदुकांचे खरे माहेर म्हणजे बर्मिंगहॅम. तेथे स्टीलहाउस लेन, लव्हडे स्ट्रीट या रस्त्यांच्या आसपास बंदूकवाल्यांची एक वस्तीच होती. आपल्याकडे जशी तांबट आळी, कासार आळी, तशी. एक माणूस नळी भोकणारा, दुसरा चाप घासणारा, तिसरा दस्ता बसविणारा, चौथा नुसती नक्षी कोरणारा. आणि अर्धवट तयार झालेल्या बंदुका काखेत मारून पोरे या दुकानातून त्या दुकानात धावत असत. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे त्या शहरात काढली. तोपर्यंत ती वस्ती बहुतेक पुसली गेली होती. पण जुन्या नळ्या दुरुस्त करणारा एक म्हातारा कारागीर मला भेटला आणि त्याच्या बाकाशेजारी मी पुष्कळ शनिवार उभा राहिलो. आज जे सांगणार आहे त्यातले बरेचसे तेथे डोळ्यांनी पाहिलेले आहे.

आता थोडे आकडे. 'बारा बोअरची बंदूक' हा शब्द आपण ऐकतो. हा बारा कशाचा? एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर ही बारा बोअरपेक्षा अरुंद. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास ठरल्याप्रमाणे एका इंचाचे ७२९ सहस्रांश, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर होतो. इंचाच्या या सहस्रांशाला कारखान्यातली माणसे 'थाऊ' म्हणतात. तुमच्या घरातले पोस्टकार्ड सुमारे दहा थाऊ जाडीचे असते. हे पोस्टकार्ड कृपा करून ध्यानात ठेवा.

कारण आता नळीच्या जाडीकडे येतो. बंदूक पाहताना नळी मोठी दणकट वाटते. मागच्या बाजूला, काडतूस बसते तेथे, ती आहेही दणकट. चांगली सूतभर जाड, म्हणजे इंचाचा आठवा भाग. दारू पेटते तेव्हाचा सगळा जोर तेथे असतो. १९५४ च्या नियमांनुसार तपासलेल्या अडीच इंची काडतुसाच्या बंदुकीवर '३ टन' असा ठसा आढळतो. त्याचा अर्थ दर चौरस इंचाला तीन टन एवढा दाब. पण छरे पुढे सरकतात तशी वायूला जागा मिळते, दाब झपाट्याने उतरतो आणि त्या मानाने कारागीर नळीही पातळ करीत नेतो. बंदूक खांद्याला पटकन लागावी, उडत्या पक्ष्यामागे सहज फिरावी, यासाठी पुढचे वजन कमी हवे. म्हणून नळीच्या पुढच्या अर्ध्या भागात चांगल्या नव्या बंदुकीची भिंतसुद्धा पंचवीस-तीस थाऊच असते. म्हणजे किती? तीन पोस्टकार्डे एकावर एक ठेवा, तेवढी. इंग्लंडच्या धंद्यात वीस थाऊ, म्हणजे दोन पोस्टकार्डे, ही खालची मर्यादा मानतात. ती कायद्याची मर्यादा नव्हे, जाणत्यांचा संकेत आहे. आणि बंदूक झाडताना डावा हात नळीखाली कोठे असतो? पुष्कळांचा तो लाकडी पकडीच्याही पुढे, उघड्या नळीवर गेलेला असतो.

ही नळी घडते कशी, यावरही पोच्याचे भवितव्य अवलंबून असते. जुन्या नळ्या दोन जातींच्या. पहिली जात 'दमास्कस' नावाची. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकमेकींवर रचून, तापवून, दोरीसारख्या पिळायच्या. असे दोन-तीन पीळ शेजारी ठेवून त्यांची एक फीत करायची. आणि ती फीत एका दांड्याभोवती सापासारखी गुंडाळून तापवून ठोकून जोडायची. वरून घासून आम्लाने खाल्ले की लोखंड आणि पोलाद वेगवेगळे रंग धरतात आणि नळीभर लहरी उमटतात. बेल्जममधील लिएज शहराजवळ, व्हेस्द्र नदीच्या खोऱ्यात, या नळ्या घडविणारी गावेच्या गावे होती. नाव दमास्कसचे असले तरी आपल्या दक्षिणेतल्या ज्या पोलादाच्या तरवारी दमास्कसच्या म्हणून गाजल्या, त्यांचा आणि या नळ्यांचा संबंध फक्त दिसण्यापुरता. तरवारीतली लहर धातू थिजताना आपोआप येते. नळीतली लहर माणसाने पिळून आणलेली आहे. दुसरी जात एकजीव पोलादाची. जोसेफ व्हिटवर्थ याने १८६५ साली वितळलेले पोलाद दाबाखाली थिजविण्याची रीत काढली आणि पुढे हळूहळू पोलादी नळीने दमास्कसला मागे सारले. पोच्याच्या दृष्टीने फरक असा की दमास्कसची नळी हाताला नरम लागते, वाकते लवकर आणि उठतेही लवकर. पण तिच्यात शेकडो सांधे आहेत. एखादा सांधा आधीच गंजाने पोखरलेला असेल तर पोचा उठता उठता तो तोंड उघडतो.

पोचा पडायला मोठा अपघात लागत नाही. बंदूक भिंतीला टेकून ठेवली, कुत्र्याने धक्का दिला, ती दगडी उंबऱ्यावर पडली. कुंपण ओलांडताना लोखंडी फाटकाला घासली. मोटारीच्या मागच्या कप्प्यात दोन बंदुका एकमेकींवर आपटल्या. मागच्या जाड भागाला पोचा जवळजवळ कधीच पडत नाही. तो पडतो तो तीन पोस्टकार्डांच्या भागाला. बाहेरून पाहिले तर नखाएवढा खळगा. पण जेवढा खळगा बाहेर, तेवढाच उंचवटा आत.

आता या उंचवट्यावरून बार गेला तर? येथे लोकांच्या कल्पना दोन टोकांच्या असतात. कोणी म्हणतो, नळी फुटून चिंधड्या होतील. कोणी म्हणतो, काही होत नाही, आमच्या आजोबांनी तशीच वीस वर्षे चालविली. खरे पाहता पोचा म्हणजे नळीत अडकलेला बोळा नव्हे. बोळ्याची गोष्ट वेगळी आहे. नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ गेला, किंवा वीस बोअरचे बारीक काडतूस चुकून बारा बोअरमध्ये घसरून पुढे अडकले आणि त्यामागे बाराचे काडतूस घालून चाप ओढला, तर नळी नक्की फुटते. त्या चुकीपायी किती हात गेले असतील देव जाणे. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती यासाठीच. पोचा एवढा घातकी नसतो. शिशाच्या छऱ्यांचा गोळा थोडा लवचिक असतो, तो उंचवट्यावरून वाहून जातो. पण सेकंदाला हजार फुटांहून अधिक वेगाने जाणारा एक औंस शिशाचा ऐवज प्रत्येक बाराला त्या उंचवट्याला आतून धडक देतो. उंचवटा थोडा मागे रेटला जातो, त्याच्या पुढची भिंत थोडी ताणली जाते, आणि कधी कधी पोच्याच्या पुढे उलटा फुगवटा तयार होतो. पोचा परत बसविता येतो. फुगवट्यात धातू ताणून पातळ झालेला असतो, तो तेवढा सहज आटोपत नाही. शिशाऐवजी पोलादाचे छरे वापरले तर हा गोळा अजिबात लवत नाही. डेन्मार्कने १९९६ साली शिशाच्या छऱ्यांवर बंदी घातली आणि इतर देशही त्या वाटेने निघाले. शिसे पाणथळीतल्या पक्ष्यांच्या पोटात जाऊन त्यांना मारते, म्हणून ही बंदी योग्यच आहे. परंतु त्यामुळे जुन्या पातळ नळ्यांच्या मालकांना बिस्मथासारखे नरम छरे शोधावे लागतात, आणि पोचा असलेली नळी अशीच चालवून नेण्याची सवड पूर्वीपेक्षा कमी झाली आहे.

पोचा दिसणे ही पहिली पायरी, आणि तीही वाटते तितकी सोपी नाही. आमच्या म्हाताऱ्याच्या खोलीत उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती आणि तिच्यावर आडवी एक काळी फळी ठोकलेली होती. बंदूक मोडून, नळ्या वेगळ्या करून, तो एक नळी डोळ्याला लावी आणि खिडकीकडे रोखी. फळीची सावली नळीच्या आतल्या चकचकीत भिंतीवर एका सरळ रेघेसारखी पडते. नळी सावकाश फिरवीत गेले की रेघ नळीभर सरकते. नळी सरळ आणि गुळगुळीत असेल तर रेघ सरळ राहते; जेथे पोचा असेल तेथे ती आत दबते, फुगवटा असेल तेथे बाहेर पळते. नळी सरळ करणारे कारागीर पिढ्यान्पिढ्या याच सावलीवर काम करीत आले. मी प्रथम पाहिले तेव्हा मला नुसते चकचकीत कड्यांचे बोगदे दिसले. तिसऱ्या शनिवारी रेघ दिसू लागली, आणि पाचव्या शनिवारी तिचे वाकणे.

मग मोजमाप. या धंद्यात अनाडी आणि जाणता यांच्यातला फरक येथेच कळतो. जाणता माणूस हातोडीला हात लावण्यापूर्वी नळी मोजतो. आतला व्यास मोजायचे एक लांब दांड्याचे मापक असते. ते पोच्याच्या आधी, पोच्यावर आणि पोच्यानंतर फिरवायचे. भिंतीची जाडी मोजायचे दुसरे साधन. त्याची एक बारीक भुजा नळीच्या आत जाते, आणि बाहेरची तबकडीची सुई दोहोंमधले अंतर थाऊत दाखविते. समजा, पोच्याच्या आजूबाजूला भिंत अठ्ठावीस थाऊ आहे आणि पोचा पंधरा थाऊ खोल आहे. काम करण्यासारखे आहे. पण आजूबाजूलाच भिंत अठरा निघाली, तर म्हातारा नळी पुसून परत देई. "हिच्यात मी काही घालू शकत नाही," असे म्हणे. पोचा अगदी उथळ असेल, तीन-चार थाऊ, तर पुष्कळदा तो त्याला हात लावीत नसे. हलविलेला धातू प्रत्येक वेळी थोडा कठीण आणि ठिसूळ होतो. तार एकाच जागी वाकवून सरळ केली की ती तुटते हे आपण जाणतोच. बारीक पोच्यासाठी तेवढी किंमत का द्यायची, हा त्याचा हिशेब. खोल, पण पसरट पोचा त्याला आवडे. धारदार कडेवर आपटून पडलेली चीर मात्र आवडत नसे, कारण तिच्या तळाशी धातू आधीच कडेपर्यंत दुमडलेला असतो.

प्रत्यक्ष काम पाहताना आपला तांबटच आठवतो. फरक इतकाच की हंड्यात हात जातो, नळीत बोटही जात नाही. जुनी रीत गट्टूची. नळीत बरोबर बसेल असा भरीव पोलादाचा, आरशासारखा घासलेला गट्टू; त्याचे पुढचे टोक किंचित निमुळते. असे गट्टू एकाच मापाचे असून चालत नाही. कारागिराच्या खणात ते डझनावारी असतात, प्रत्येक मागच्यापेक्षा एक-दोन थाऊ मोठा. नळीला आतून तेल लावायचे, पोच्याखालून जेमतेम सरकेल एवढा गट्टू दांड्याने मागच्या बाजूने सरकवीत न्यायचा, आणि तो पोच्याखाली घट्ट झाला की बाहेरून ठोके. हे ठोके कोठे घालायचे? नवशिक्या खळग्याच्या मधे घालतो. तेथे घालण्यात अर्थ नाही. खळगा तर आधीच आत गेलेला आहे. ठोके खळग्याच्या कडेवर घालायचे. धातू आत गेला तेव्हा त्याच्या भोवती एक अंधुक वरंबा उठलेला असतो. त्या वरंब्यावर पितळी हातोडीने, हातोडीच्या स्वतःच्या वजनाने पडतील असे, शंभर-दीडशे ठोके. त्याखाली आतला गट्टू उंचवट्याला वर रेटतो, बाहेरचे ठोके वरंब्याला खाली बसवितात आणि अडकलेला धातू सुटतो. मग पुढचा मोठा गट्टू. मग त्यापुढचा. मधे मधे सावली पाहायची. हातोडीचा आवाजही बदलतो. धातू आणि गट्टू यांच्यात फट असते तोवर आवाज पोकळ येतो, धातू टेकला की भरीव.

नवी रीत तेलाच्या दाबाची. मोटारीचे चाक बदलताना जॅक पाहिला असेल, त्याचेच बोटाएवढे भावंड. नळीत जाईल असा एक लांबट दंडगोल. त्याच्या कुशीत एक लहानशी गोलाकार माथ्याची खुंटी. दांड्याच्या टोकाला मळसूत्र असते. ते पिळले की आतले दाट तेल दाबले जाते आणि खुंटी कुशीतून बाहेर येऊन पोच्याला वर ढकलते. खुंटी नेमकी पोच्याखाली आणायची, पाव फेरा पिळायचा, कडेने ठोके घालायचे, पुन्हा पाव फेरा. गट्टू साऱ्या नळीला घासत जातो, हे साधन पोच्यापुरतेच बोलते. पण त्याचा एक दुर्गुण आहे. गट्टू आपल्या मापापुढे नेऊ शकत नाही. मळसूत्र मात्र पिळाल तितके पिळते. हावरट हाताने अर्धा फेरा जास्त दिला की पोच्याच्या जागी फुगवटा तयार. म्हातारा दोन्ही साधने वापरी. शेवटचा हात मात्र गट्टूचाच असे.

मी एकदा विचारले, "थोडे तापवून घेतले तर काम सोपे नाही का होणार?" त्याने दोन नळ्यांमधल्या पट्टीवर नख टेकवले. ही पट्टी आणि दोन्ही नळ्या डाखाने, म्हणजे कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने जोडलेल्या असतात. ते मिश्रण १८० अंशांच्या थोडे पुढे गेले की वितळू लागते. पोच्यासाठी नळी तापवायची आणि पट्टी सुटी करून घ्यायची, हे डोळे सुधारायला नाक कापण्यासारखे. म्हणून हे सगळे काम थंडच चालते. पोचा पट्टीखाली लपलेला असेल तर मात्र पट्टी उकलावीच लागते आणि खर्च दुणावतो.

पोचा उठला की आत किंचित खूण राहते. ती घालवायला नळीतच शिशाचा दट्ट्या ओतून घेतात, त्याला तेल आणि बारीक कुरुंद लावतात आणि हलक्या हाताने पुढेमागे फिरवितात. एक थाऊ, फार तर दोन. बाहेरून बारीक कानस, तीही नळीच्या लांबीच्या दिशेने. मग पुन्हा मोजमाप, आणि कागदावर आधीच्या आकड्यांशेजारी नंतरचे आकडे.

आणि याच दट्ट्यात सगळा धोका आहे. पोचा उठविण्याला वेळ लागतो, गट्टूंचा खण लागतो, शिकलेला हात लागतो. पण पोचा नाहीसा 'दिसावा' एवढेच हवे असेल तर फार सोपा उपाय आहे. कुरुंदाचा दट्ट्या तासभर फिरवा. आतला उंचवटा घासून जाईल. बाहेरचा खळगा भोवतालची कड कानशीने उतरवून सपाट करा. नळी आरशासारखी चमकेल, सावलीची रेघ सरळ दिसेल आणि गिऱ्हाईक खूष होईल. पण हिशेब करून पाहा. भिंत अठ्ठावीस थाऊ होती. आतून पंधरा घासले. राहिले तेरा, पोस्टकार्डापेक्षा थोडे जास्त. पोच्यात धातू हरवलेला नव्हता, तो नुसता हलला होता. या दुरुस्तीने तो खरोखरच हरवला. पोचा असलेली नळी बरी करता येते. घासलेली नळी कोणालाही बरी करता येत नाही.

इंग्लंडात कायद्याचे काही संरक्षण आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली, आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह पार्लमेंटच्या १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. प्रत्येक नळीत तेथे नेहमीपेक्षा जबर बार भरून झाडतात आणि टिकली तर तिच्यावर ठसा उठवितात. १८६८ च्या कायद्याने ठसा नसलेली, किंवा ठशानंतर फाजील घासून क्षीण झालेली बंदूक विकणे हा गुन्हा ठरविला. व्यास ठशावरल्या मापापेक्षा सुमारे दहा थाऊंनी वाढला की ती बंदूक ठशाबाहेर गेली असे समजतात. पण मेख अशी आहे की हा व्यास मागच्या तोंडापासून नऊ इंचांवर मोजतात. पोचा असतो अठरा-वीस इंचांवर. तेथे कोणी टिचभर जागा घासून ठेवली असेल तर नऊ इंचांवरचे माप निर्दोष निघते, ठसा खरा असतो आणि बंदूक खोटी असते. म्हणून जाणता गिऱ्हाईक ठसा पाहून थांबत नाही. नळीभर जाडी मोजून मागतो.

शेवटी रंग. पोचा काढलेली जागा उघडी पांढरी दिसते, म्हणून नळ्या पुन्हा काळ्या कराव्या लागतात. आधुनिक कारखान्यात कडक क्षारांच्या उकळत्या कढईत बुडवून पंधरा-वीस मिनिटांत पोलाद काळे होते. पण ते क्षार डाख खातात, तेव्हा जोडनळीला ती कढई वर्ज्य. तिला जुनाच मार्ग. नळी चुन्याने घासून तेलाचा अंश घालवायचा, गंजविणारे पाणी पुसायचे, दमट कपाटात टांगून ठेवायची. तांबडा गंज धरला की उकळत्या पाण्यात बुडवायची. तांबड्या गंजाचा काळा गंज होतो. तारेच्या मऊ कुंच्याने मोकळा भाग झाडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असे सहा-आठ वेळा. जो गंज नळीचा वैरी, त्यालाच शिकवून पहाऱ्याला बसवितात! दमास्कसच्या नळीला याच रीतीने तपकिरी ठेवून लहर खुलवितात.

आता मामांची बंदूक. आपल्याकडे इंग्रजी बंदुका आल्या त्या संस्थानिक, इनामदार आणि इंग्रज अधिकारी यांच्या हातून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार संपली आणि या बंदुका वाड्यांच्या कपाटांत उभ्या राहिल्या. आजोबांची बर्मिंगहॅमची बारा बोअर मामांकडे आली ती शेतीच्या रक्षणाच्या परवान्यावर. माळ्यावरून उतरवताना ती जात्यावर पडली आणि उजव्या नळीला पोचा पडला. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवानाधारकानेच करायची असते. पण ते दुकान लांबच्या शहरात, आणि तालुक्याच्या गावी एक हुशार यंत्रवाला होता. पाण्याचे पंप, चक्क्या, सगळे तो करी. मामांनी बंदूक त्याला दिली. चार दिवसांनी परत आली ती अशी की मामा ती प्रत्येक पाहुण्याला दाखवीत. पोच्याचा मागमूस नाही, नळीत तोंड पाहून घ्यावे.

मी बर्मिंगहॅमहून परत आल्यावर त्यांनी ती मलाही दाखविली. मी सवयीने खिडकीकडे धरली. सावलीची रेघ सरळ होती; फक्त एका जागी ती इतर नळीपेक्षा जास्त चमकत होती. मी आग्रह धरून मामांबरोबर शहरातल्या परवानाधारक दुकानात गेलो. तेथल्या वृद्ध मिस्त्रींनी मापक लावले, सुई पाहिली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. भोवताली पंचवीस. त्या जागी अकरा. ती जागा मामांच्या डाव्या हाताच्या बोटांपासून चार इंचांवर होती. परत आणल्यापासून रानडुकरे हाकायला त्यांनी नऊ बार काढले होते. ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितले आणि मग बराच वेळ ते बोलले नाहीत.

मिस्त्रींनी काही करता येणार नाही म्हणून सांगितले, पैसेही घेतले नाहीत. मामांनी त्यानंतर तिच्यात काडतूस घातले नाही. पुढच्या वर्षी परवान्याचे नूतनीकरण न करता त्यांनी ती पोलीस ठाण्यात जमा केली. मी बरोबर होतो. हवालदाराने नळीतून दिव्याकडे पाहिले आणि पावतीवर लिहिले : "बंदूक दुनळी, जुनी, एक नग. नळ्या चांगल्या, चकचकीत."